साथीला बसलेला भाष्यकार : गोविंदराव टेंबे यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात कोल्हापूरच्या संगीतपरंपरेवर जो लेख आला त्यात गोविंदराव टेंबे यांचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता. तो अपुरा वाटल्याचे अनेक वाचकांनी पत्रांतून कळवले आहे आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यामुळे या वेळचे सदर गोविंदरावांसाठीच राखून ठेवले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून खाली उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (शिवाजी पेठ, कोल्हापूर) : आमच्या घरातील वडीलधारी माणसे गोविंदरावांना ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटातला हरिश्चंद्र म्हणून ओळखत. देवल क्लबमध्ये त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे, म्हणजे ते गायक असणार असे मला वाटे. आता कोणी त्यांना पेटीवादक म्हणते, कोणी संगीतकार, कोणी लेखक. ते नेमके कोण होते?

उत्तर : ही सर्व विशेषणे खरी आहेत आणि एकेक वेगळे घेतले तर प्रत्येक अपुरे आहे. गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे झाला आणि ९ ऑक्टोबर १९५५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. या चौऱ्याहत्तर वर्षांत ते मैफलीत पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, साथ करणारे कलावंत होते, एकल पेटीवादक होते, संगीत रंगभूमीवरचे गायक नट होते, नाटकमंडळीचे मालक होते, नाटककार होते, पदांना चाली देणारे संगीतकार होते, बोलपटाच्या अगदी आरंभीचे नायक होते आणि आयुष्याच्या उत्तरार्धात गाण्याविषयी मराठीत अत्यंत जाणतेपणाने लिहिणारे लेखक झाले.

इतक्या भूमिका एका माणसाने केल्या की त्याच्या आयुष्याचा एक धागा सापडणे अवघड जाते, आणि म्हणूनच बहुधा आपण त्यांना तुकड्यातुकड्याने ओळखतो. माझ्या मते हा धागा त्यांच्या कानात आहे. गोविंदरावांनी उमेदीची वर्षे थोर गवयांच्या शेजारी, पेटीवर बसून, दुसऱ्याचे गाणे ऐकण्यात घालवली. नाटकाच्या चाली, रंगमंचावरचे गाणे, पुस्तके आणि पुढे आकाशवाणीसाठी केलेल्या संगीतिका हे सारे त्या ऐकण्यातून आले. नट म्हणून त्यांच्यापेक्षा मोठे नट झाले, गायक म्हणून तर खुद्द त्यांनीच ज्यांना साथ केली ते कितीतरी मोठे होते. मात्र गाणे ऐकून ते समजून घेणे आणि समजलेले शब्दांत उतरवणे या कामात त्या पिढीत त्यांच्या तोडीचा माणूस मला तरी दिसत नाही. म्हणून कोणी एका शब्दात ओळख विचारली तर मी ‘भाष्यकार’ हा शब्द निवडेन.

देवल क्लबचा संबंध मात्र फार जुना आहे. गायन समाज देवल क्लबची स्थापना १८८३ सालची, म्हणजे ही संस्था आणि गोविंदराव जवळपास समवयस्कच. आपल्याला शास्त्रोक्त संगीताची गोडी तिथे लागली असे ते स्वतः सांगत. शहरात येणारा गवई देवल क्लबमध्ये गायला की त्याची खरी पारख झाली, असे वातावरण असलेल्या काळात हा मुलगा तिथल्या बैठकींत वाढला.

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) : गोविंदराव हे अल्लादियाखाँसाहेबांचे गंडाबंध शागीर्द नव्हते असे वाचले. मग खाँसाहेबांच्या गायकीवर त्यांनी लिहिलेले प्रमाण का मानायचे?

उत्तर : प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गोविंदराव पेटी मुख्यतः स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. गुरूने गंडा, म्हणजे धागा, बांधून रीतसर स्वीकारलेल्या खाँसाहेबांच्या शिष्यांत त्यांची गणना होत नाही, हेही खरे. पण कालगणना पाहावी. उनियाऱ्यात जन्मलेले अल्लादियाखाँ १८९५ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी कोल्हापुरात आले आणि १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यानंतर मुंबईला गेले. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून चाळिशी ओलांडेपर्यंत गोविंदराव ज्या गावाचे रहिवासी होते, त्याच गावात जयपूर-अत्रौली घराण्याचा हा प्रवर्तक राहत होता. शिवाय गोविंदरावांनी ज्यांची पेटीची साथ प्रथम केली ते भास्करबुवा बखले यांनीही, बडोद्याचे फैजमहंमदखाँ आणि आग्रा घराण्याचे नत्थनखाँ यांच्यानंतर, अल्लादियाखाँ यांच्याकडे तालीम घेतलेली होती. त्यामुळे ही गायकी त्यांच्या कानावर दोन बाजूंनी पडली : एकदा मूळ पुरुषाच्या मुखातून आणि एकदा तिच्यात आणखी दोन घराण्यांचा रंग मिसळलेल्या भास्करबुवांच्या मुखातून. एकच जागा दोन मोठ्या गवयांकडून वेगवेगळ्या तऱ्हेने ऐकायला मिळाली म्हणजे तिच्यात मूळचे काय आणि गवयाने घातलेले काय हे आपोआप कळू लागते.

आता साथीदार नेमके काय करतो ते पाहू. डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर असतो. गवयाने स्वर लावला की त्याच स्वराचा हलका आधार पेटीने द्यायचा, पण आवाजावर चढायचे नाही. गवयाने श्वास घेतला की तेवढ्या फटीत त्याचीच शेवटची जागा पुन्हा वाजवून धागा तुटू द्यायचा नाही. तान निघाली की तिच्या मागोमाग जायचे, आणि मागोमाग म्हणजे अगदी निमिषभर मागे, कारण बरोबर वाजवायचे तर ती कुठे वळणार हे आधीच ओळखता आले पाहिजे. ठराविक वळणाची तान ओळखणे सोपे असते. अल्लादियाखाँसाहेबांची तान वक्र, लयीच्या अंगाने मात्रेच्या पोटात विणलेली आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अनपेक्षित बाजूने उतरणारी. त्यातून त्यांचे राग नटकामोद, बसंतीकेदार, खोकर, बिहागडा असे अनवट, म्हणजे क्वचितच गायले जाणारे, किंवा जोडरागांच्या जातीचे. अशा गाण्याच्या शेजारी बसून पेटीवर बोट चुकू न देणे म्हणजे प्रत्येक आवर्तनात त्या गवयाच्या डोक्यात काय चालले आहे याचा अंदाज बांधणे. समोर बसलेला रसिक डोळे मिटून आनंद घेऊ शकतो, शागीर्द घरी जाऊन घोटू शकतो, साथीदाराला मात्र ते त्याच क्षणी समजावे लागते आणि समजले नाही तर सगळ्या बैठकीला ते कळते.

ही तालीम गंड्याच्या धाग्याने मिळालेली नसली तरी ती तालीमच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गोविंदरावांच्या लेखनातही तिच्या खुणा दिसतात. त्या काळी गाण्यावर लिहिणाऱ्यांची भाषा बहुधा विशेषणांची असे : स्वर्गीय, अलौकिक, अमृतमय. गोविंदराव विशेषण वापरतात, पण तिथे थांबत नाहीत. तान कुठून उठली, लयीला कशी बिलगली, रागाचे रूप कुठे उघडले आणि कुठे झाकून ठेवले, हे ते सांगतात. वाचताना सारखे जाणवत राहते की हा माणूस खुर्चीवरून बोलत नाही, तो गवयाच्या हातभर अंतरावर बसलेला होता.

त्यांच्या लेखनाची किंमत आणखी एका कारणाने वाढते. अल्लादियाखाँसाहेबांनी आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. १६ मार्च १९४६ रोजी ते गेले आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर, आणि त्यांचे पुत्र मंजीखाँ-भुर्जीखाँ यांच्याकडून शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गाण्यातून ती गायकी आपल्यापर्यंत आली; पण मूळ गवयाची बैठक कशी होती, तो षड्ज कसा लावी, समोरच्या माणसांशी कसा वागे हे समजण्यासाठी कागदाचाच आधार घ्यावा लागतो. गोविंदरावांचे ‘माझा संगीत व्यासंग’ हे १९३९ मध्ये आलेले पुस्तक आणि नंतर त्यांनी लिहिलेले खाँसाहेबांचे चरित्र हे त्या आधारातले फार मोलाचे दोन भाग आहेत.

मात्र हे लेखन भक्ताचे आहे हे विसरू नये. खाँसाहेबांविषयी गोविंदरावांच्या मनात जी निष्ठा होती ती पानोपानी उमटते, आणि तशी निष्ठा असलेला माणूस आपल्या दैवताच्या मर्यादांवर फार वेळ रेंगाळत नाही. म्हणून हे चरित्र वाचताना खाँसाहेबांनी आपले नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितलेल्या आठवणीही शेजारी ठेवाव्यात. तरुणपणी एका संस्थानिकाच्या आग्रहाखातर अतोनात गावे लागल्याने आपला आवाज बसला, बऱ्याच काळाने परत आला तो बदलून आला आणि त्या नव्या आवाजाला पेलेल अशी गायकी आपण घडवली, हे त्यात खुद्द खाँसाहेब सांगतात. एका बाजूला गवयाने स्वतःच्या आवाजाविषयी सांगितलेले आणि दुसऱ्या बाजूला साथीदाराने त्या आवाजातून ऐकलेले, अशी दोन्ही कथने असलेला गवई आपल्याकडे विरळा.

प्रश्न (इचलकरंजी) : ‘मानापमान’च्या पदांना गोविंदरावांनी चाली दिल्या असे सांगतात. त्या काळी नाटककारच चाली ठरवत असत ना? मग त्यांनी वेगळे काय केले?

उत्तर : आपण म्हणता तशीच पद्धत होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि पाठोपाठ ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले तेव्हा पदे लिहिणारे आणि त्यांच्या चाली ठरवणारे तेच होते. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, कर्नाटकी वळणाची पदे असा तो थाट होता, आणि त्याची गोडी आजही ओसरलेली नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले तेव्हा मात्र चालींची जबाबदारी स्वतंत्रपणे गोविंदरावांवर सोपवण्यात आली. नाटककार एक आणि संगीतकार दुसरा ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी वाटणी मराठी रंगभूमीवर ठळकपणे दिसली ती या नाटकापासून.

दुसरा बदल चालींच्या जातीत होता. गोविंदरावांनी उत्तरेकडच्या गायक-गायिकांकडून ऐकलेले ठुमरी, दादरा, कजरी यांचे पूरब अंग मराठी पदांत आणले. ठुमरी शब्दाला कुरवाळते, एकाच ओळीचा अर्थ चार तऱ्हांनी उलगडते. बालगंधर्वांसारखा भावपूर्ण गळा नायिका भामिनीच्या भूमिकेत असताना ही चाल त्या गळ्याला किती शोभली असेल याची कल्पना ‘नाही मी बोलत नाथा’ हे पद ऐकूनही येते. रुसवा त्या शब्दांत आहेच, पण चालीमुळे तो रुसवा लाडिक होतो आणि राग खरा नाही हे प्रेक्षकाला शब्दांच्या आधी कळते. नायक धैर्यधराच्या पदांना मात्र त्यांनी वेगळा पोत दिला; तिथे लाडिकपणा नाही, स्वर उंचावलेला आणि पल्लेदार आहे. पात्र पाहून चाल बांधण्याची ही दृष्टी पुढे १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या अंगाने आणखी वर नेली, पण वाट मोकळी केली होती ती ‘मानापमान’ने.

या चालींची ताकद पाहायची असेल तर ८ जुलै १९२१ चा मुंबईतील संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग आठवावा. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगात भामिनी बालगंधर्व होते आणि धैर्यधर आपले कोल्हापूरचे केशवराव भोसले. एकमेकांच्या स्पर्धक मंडळ्यांचे दोन मालक, दोघांचे गळे आणि गाण्याच्या रीती पूर्णपणे वेगळ्या. तरीही दोघांनाही आपापले गाणे गाता यावे इतकी जागा गोविंदरावांच्या चालींत होती. मास्टर दीनानाथांनीही याच नाटकातली पदे आपल्या ढंगाने गायली आणि ती त्यांचीच वाटावीत इतकी आपलीशी केली. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी आपल्याकडच्या नाट्यसंगीताच्या स्पर्धेत मुले ही पदे हमखास निवडतात.

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर) : केशवराव भोसले आणि गाण्यावर लिहिणारे केशवराव भोळे हे एकच का? दोघांचाही संबंध गोविंदरावांशी जोडला जातो.

उत्तर : हे दोघे वेगळे. संगीतसूर्य केशवराव भोसले (१८९०–१९२१) हे कोल्हापूरचे गायक नट, ‘ललितकलादर्श’ मंडळीचे संस्थापक. १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ही वास्तू आगीत सापडली तेव्हा सारे शहर हळहळले. केशवराव भोळे हे गायक, संगीतकार आणि संगीतसमीक्षक. ‘प्रभात’ फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला गेल्यानंतर ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’ या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. गाणाऱ्यानेच गाण्यावर लिहावे या वाटेवर गोविंदराव आणि भोळे असे दोघेही चालले. भोळ्यांचे लेखन अधिक चिकित्सक, गोविंदरावांचे अधिक आत्मीय. दोन्ही वाचावे.

प्रश्न (मिरज) : गंधर्व नाटक मंडळीत गोविंदराव भागीदार होते, तर मग दोनच वर्षांत ते बाहेर का पडले?

उत्तर : १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. गोविंदराव तिथे भागीदारही होते आणि नायकाच्या भूमिकाही करत होते. १९१५ च्या सुमारास ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची ‘शिवराज’ मंडळी काढली, त्यासाठी नाटकही लिहिले. भागीदारीतील मतभेदांच्या कथा रंगवून सांगण्यात मला रस नाही. नाटकमंडळी म्हणजे पन्नास-साठ माणसांचे बिऱ्हाड गावोगाव हलवणे, सीनसिनेरी, पोशाख, भटारखाना, कर्ज आणि रोजचा गल्ला. हा संसार सांभाळताना त्या काळातल्या कित्येक मातब्बर मंडळ्या बुडाल्या. गोविंदरावांच्या कंपनीलाही ‘गंधर्व’चे वैभव लाभले नाही. एक मात्र म्हणता येईल की मालक होण्यात त्यांची जी वर्षे गेली ती पेटीला आणि लेखणीला मिळाली असती तर आपण अधिक श्रीमंत झालो असतो.

प्रश्न (कसबा बावडा, कोल्हापूर) : ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट. त्यात हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी पन्नाशीतल्या पेटीवादकाची निवड का झाली असेल?

उत्तर : ‘प्रभात’ फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. सुरुवातीचे त्यांचे सर्व चित्रपट मूकपट होते. बोलपट करायचा ठरला तेव्हा सर्वांत मोठी अडचण गाण्याची होती, कारण पार्श्वगायनाचे तंत्र अजून आलेले नव्हते. जो पडद्यावर दिसणार त्यानेच, अभिनय करत करत, त्याच क्षणी गायचे. वादकांना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आडोशाला बसवायचे. आणि आवाज व चित्र एकाच वेळी टिपायचे. गवई दोन पावले चालला की ध्वनिग्राहकापासून दूर जाणार, वादक जवळ आले की दिसणार. अशा परिस्थितीत ज्याचा सूर हलत नाही, ज्याला रंगमंचावर उभे राहून गाण्याची सवय आहे आणि जो स्वतःच चाली बांधू शकतो असा माणूस गावातच उपलब्ध होता. निवड दुसऱ्या कोणाची व्हायला हवी होती असे मला वाटत नाही.

व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत मॅजेस्टिकमध्ये झळकला. मराठीबरोबर त्याची हिंदी आवृत्तीही केली गेली. तारामती दुर्गा खोटे होत्या. प्रतिष्ठित घरातली सुशिक्षित स्त्री पडद्यावर येणे हीच त्या काळी मोठी घटना होती आणि प्रेक्षकांचे लक्ष साहजिकच त्यांच्याकडे अधिक गेले. आज हा चित्रपट पाहिला तर गोविंदरावांचा अभिनय रंगभूमीच्या वळणाचा, ठाशीव वाटतो. पण डोळे मिटून केवळ ऐकले तर त्यांच्या गाण्यातला संयम लक्षात येतो. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे, इथे समोर यंत्र आहे हे त्यांनी ओळखले होते. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्येही ते मच्छिंद्रनाथ झाले. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली आणि कोल्हापुरातले हे पर्व संपले.

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर) : आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती असे ऐकले. हे खरे का? गोविंदराव तर पेटीचेच कलावंत, त्यांचे काय झाले?

उत्तर : खरे आहे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटी वाजवण्यास मनाई झाली. त्यामागचे आक्षेप असे होते. पेटीचे स्वर ठरलेले आणि समान अंतराने कापलेले असतात, त्यामुळे आपल्या रागांतले सूक्ष्म स्वरभेद तिच्यातून निघत नाहीत. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला घेता येत नाही. शिवाय ती परदेशातून आलेली. रवींद्रनाथ ठाकूरांसारख्या थोरांचाही तिला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असतानाही बंदी कायम राहिली आणि ती सैल झाली ती १९७१ मध्ये.

आक्षेपांपैकी पहिले दोन शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहेत. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीवर जसाच्या तसा निघत नाही हे पेटी वाजवणारा प्रत्येक जण जाणतो. पण मराठी मुलुखात पेटी ज्या हातांनी वाजली त्या हातांनी या उणिवेवर केवढे कष्ट घेतले याची दखल घेतली गेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. भात्याचा दाब हलकेच कमी-जास्त करून स्वराला श्वास देणे, दोन पट्ट्या क्षणभर एकमेकींवर रेंगाळू देऊन मींडेचा आभास निर्माण करणे, कण आणि खटका नेमका घेऊन बोटातून शब्द उमटवणे या साऱ्या युक्त्या गायकी अंगाने पेटी वाजवणाऱ्यांनी घडवल्या, आणि त्यांच्या अग्रभागी गोविंदराव होते.

आता वर्षे जुळवून पाहावीत. बंदी आली तेव्हा गोविंदराव एकोणसाठीला पोचत होते आणि ते गेले तेव्हाही ती उठलेली नव्हती. म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या पंधरा वर्षांत देशातल्या सर्वांत मोठ्या प्रसारमाध्यमाचे दार त्यांच्या वाद्याला बंद होते. त्यांच्या चालींना आणि शब्दांना मात्र ते उघडे होते. ‘महाश्वेता’ आणि ‘जयदेव’ या त्यांच्या संगीतिका याच उत्तरकाळातल्या. केवळ कानांनी पाहायचे नाटक कसे रचावे, दृश्य नसताना सुरांतून पात्र कसे उभे करावे, हा प्रश्न आकाशवाणीच्या काळात नवा होता, आणि ‘मानापमान’मध्ये पात्रागणिक चालीचा पोत बदलणाऱ्या माणसापाशी त्याचे उत्तर आधीपासूनच तयार होते.

प्रश्न (गडहिंग्लज) : मी पेटी शिकतो. साथीला नुकतीच सुरुवात केली आहे. गोविंदराव वाचायचे तर कुठून सुरुवात करू? एवढे वाचून वाजवण्यात फरक पडेल का?

उत्तर : ‘माझा संगीत व्यासंग’पासून सुरुवात करा. आत्मचरित्र ‘माझा जीवनविहार’ रंजक आहे, पण ते नंतर. शहरातल्या जुन्या ग्रंथालयांत चौकशी करा. ‘करवीर नगर वाचन मंदिरा’त जाऊन पाहायला हरकत नाही. पुस्तक सलग वाचू नका. त्यातले भास्करबुवांविषयीचे लिखाण आधी आणि अल्लादियाखाँसाहेबांविषयीचे नंतर वाचा, आणि ज्या ज्या ठिकाणी गोविंदराव एखाद्या तानेचे किंवा आलापाचे वर्णन करतात तिथे पेन्सिलने खूण करा.

मग पेटी उघडून बसा. केसरबाई किंवा मल्लिकार्जुन मन्सूर यांचे एखादे ध्वनिमुद्रण लावा, अवघड राग निवडू नका, यमन किंवा बिहाग घ्या, आणि आधी पट्ट्यांना हात न लावता फक्त गवयाचा श्वास कुठे होतो ते मोजा. दुसऱ्यांदा ऐकताना डाव्या हाताने भाता हलवत षड्जाचा आधार तेवढा धरून ठेवा. तिसऱ्यांदा श्वासाच्या फटी भरा, त्याहून अधिक काही वाजवू नका. तान आली की थांबा आणि ती कुठल्या बाजूने समेवर येणार याचा अंदाज मनातल्या मनात बांधा. अंदाज पहिल्या दिवशी चुकतील, महिनाभराने काही बरोबर येऊ लागतील. त्यानंतर खूण केलेली पाने पुन्हा काढा. तीच वाक्ये आता तुम्हाला वेगळी वाचता येतील, कारण ज्या जागेवरून गोविंदरावांनी ती लिहिली तिथे तुम्ही थोडा वेळ का होईना बसून आलेले असाल.

वाजवण्यात फरक पडेल का, हे तुमच्या गुरूंना विचारा. साथीत तुम्ही आधीपेक्षा कमी वाजवत आहात असे त्यांनी सांगितले तर फरक पडला असे समजा.